दोन बेटांचा रुपया

सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी मोबाइल उघडते आणि सेशेल्सच्या एका रुपयाला मॉरिशसचे किती रुपये मिळतात ते बघते. तेलीबागेत हा भाव बघणारी मी एकटीच असणार. तेलीबागच कशाला, अख्ख्या लखनौत दुसरं कुणी सापडलं तर मला त्या माणसाला जेवायला बोलवायचंय. शेजारच्या बायका सोन्याचा भाव बघतात, त्यांचे नवरे शेअरचा. आमचे हे काहीच बघत नाहीत. ते कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालतात आणि तिथूनच विचारतात, "काय म्हणतोय तुझा बाजार?"

"तीन रुपये आणि वर थोडे पैसे."

"म्हणजे बरं की वाईट?"

"म्हणजे कालच्यासारखंच."

मी बँकेत होते, आणि शेवटची बरीच वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर काढली. लखनौच्या चिकनकारी कापडाचे, कानपूरच्या चामड्याचे पैसे डॉलरमध्ये, पौंडात, युरोत यायचे. आखातात गेलेल्यांचे दिरहम आणि रियाल यायचे. हे सगळे भाव सकाळी दहाच्या आत माझ्या तोंडपाठ असत. पण मॉरिशसचा रुपया सेशेल्सच्या रुपयात काय पडतो, असं एवढ्या वर्षांत मला एका माणसानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं असतं.

ही सवय मला लागली ती आमची लेक एका बेटावर आणि जावई दुसऱ्या बेटावर, अशी वेळ आली तेव्हा. त्या दोघांत बोलणं बंद होतं, आणि लग्न टिकतंय की जातंय हे आम्हाला इथे बसून कळत नव्हतं.

जावई आम्हाला पहिल्यांदा दिसला तो गणपतीत. आलमबागेकडे एका हॉलमध्ये आम्ही लखनौतले मराठी लोक गणपती बसवतो. कँटातल्या फौजी घरच्या बायका, बँकवाले, कुठल्या कुठल्या कंपन्यांतून बदलीवर आलेली कुटुंबं, असे सगळे जमतो. त्या वर्षी मागच्या रांगेत एक उंच, सावळा मुलगा डोळे मिटून आरत्या म्हणत होता. आम्ही सगळे जी कडवी तोंडातल्या तोंडात गुंडाळून टाकतो, तीसुद्धा तो स्वच्छ म्हणत होता. मला वाटलं, रत्नागिरीकडचा असेल, आईने चांगलं वळण लावलंय. प्रसाद देताना विचारलं, "कुठला रे तू?" माझा प्रश्न समजायला त्याला क्षणभर लागला आणि मग अगदी लखनवी अदबीने तो म्हणाला, "जी, मॉरिशस से."

तो शिष्यवृत्तीवर इथे शेतीचं शिकायला आला होता. त्याचे पूर्वज कोकणातून बोटीने ऊस तोडायला गेले होते. किती पिढ्या झाल्या ते तो बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच हसून थांबला. घरी ते क्रिओल, म्हणजे तिकडची फ्रेंचमिश्रित बोली, बोलतात, मराठी तो शाळेत विषय म्हणून शिकला होता. पण आरत्या पाठ होत्या, आजोबांना होत्या तशा आणि त्यांच्या आजोबांनाही असतील तशा. मी त्या मुलाकडे बघत राहिले. एवढा समुद्र, एवढी वर्षं, उसाच्या शेतातलं ते मरमर काम, आणि त्यातून ते कडवं एका शब्दानेही न सांडता आलमबागेत येऊन पोचलं होतं. माझ्या हातातलं प्रसादाचं ताट तसंच राहिलं. मागच्या बाईने ढोसलं तेव्हा मी पुढे सरकले.

मग तो घरी यायला लागला. एकदा त्याने पाकिटातून त्यांच्याकडची नोट काढून ह्यांना दाखवली. पंचवीस रुपयांची नोट, आणि तिच्यावर देवनागरीत रक्कम लिहिलेली. हे ती उलटीपालटी करून बघत राहिले. "पंचवीसची नोट! आपल्याकडे कुठे आहे पंचवीसची? आणि देवनागरी! समुद्रापलीकडे देवनागरी!" ह्यांनी ती जवळजवळ कपाळाला लावली.

त्याची मराठी म्हणजे शालेय पुस्तकातली. "मी आपला अत्यंत आभारी आहे," असं तो पोह्यांच्या बशीला उद्देशून म्हणायचा. आमची लेक हसून हसून लोळायची. आता ही लेक म्हणजे लखनौत वाढलेली. मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हिच्याकडून कधी मराठीत मिळालं नाही. "जेवलीस का?" तर म्हणे, "हाँ, खा लिया यार." तरी त्याच्या मराठीला हसायला ती पहिली. तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि हिंदीवर यायचा. मला ते सगळं फार गोड वाटायचं. लग्न ठरलं तेव्हा जावयाला आता 'तुम्ही' म्हणायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं, ते मला एक आठवडासुद्धा जमलं नाही.

ती मॉरिशसला गेली, आणि तिथे तिचं बिनसलं. सासरची माणसं वाईट होती असं तिने कधी म्हटलं नाही. फोनवर म्हणायची, "आई, मला कंटाळा येतो." गंमत म्हणजे हे ती मराठीत म्हणायची. लखनौत जे आम्हाला साधलं नाही, ते त्या बेटाने केलं होतं. मग एक दिवस कळलं की तिने सेशेल्सच्या एका हॉटेलात हिशेबनीसाची नोकरी धरलीय, दोन वर्षांच्या कराराने. तो म्हणाला होता, "जायचं तर जा." आमची लेक कसली माघार घेतेय. गेली.

आणि दोघांनी एकमेकांना फोन करणं बंद केलं. फोन यायचे ते मला.

ह्या दोन बेटांची घड्याळं सारखी चालतात, दोन्ही आपल्या दीड तास मागे. म्हणजे दोघं एकाच वेळी उठत, एकाच वेळी जेवत, एकाच वेळी झोपायला जात, आणि बोलत मात्र तेलीबागेशी. ती म्हणायची, "आई, त्याला सांग." तो म्हणायचा, "आई, उनसे कहिएगा." बायकोला 'उनसे'! भांडणातही लखनौची तहजीब काही सुटली नव्हती.

तेव्हा एक दिवस सहज म्हणून मी त्या दोन रुपयांचा भाव बघितला, आणि त्यात अडकले. कारण माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी मी वर्षानुवर्षं यंत्रासारखी करत आले, ती मला पहिल्यांदा दिसली. मॉरिशसचा रुपया आणि सेशेल्सचा रुपया एकमेकांसमोर सहसा येतच नाहीत. एवढ्या छोट्या दोन देशांच्या रुपयांचा थेट बाजार मांडणार कोण? ह्याचा भाव डॉलरमध्ये असतो, त्याचाही डॉलरमध्ये असतो. मग एकाला दुसऱ्याने भागायचं. जो आकडा येतो त्याला आम्ही क्रॉस रेट म्हणतो. तो आकडा कुणी ठरवलेला नसतो. त्या भावाने कुणी काही विकलेलं नसतं, घेतलेलं नसतं. दोघं तिसऱ्याशी काय बोलले त्यातून तो आपोआप निघतो. मी मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते आणि मला उमगलं की ह्या घरातला डॉलर मी आहे.

आणि डॉलर झाले तरी सवयी बँकेच्याच. बँक घेताना एक भाव लावते, देताना दुसरा, मधला फरक तिचा. मीही मधला फरक काढत होते. लेक म्हणायची, "त्याला सांग, माझी पुस्तकं द्यायची तर दे, नाहीतर जाळ." मी त्याला सांगायचे, "तुझ्याकडच्या पुस्तकांची आठवण काढत होती रे." तो म्हणायचा, "उनसे कहिए, इथे सगळे विचारतात, मी काय उत्तर देऊ?" मी तिला सांगायचे, "घरचे सगळे तुझी चौकशी करतात म्हणत होता." वाक्याच्या कडा तासायच्या, टोक मोडायचं, आणि मग पुढे पाठवायचं. मला वाटायचं, मी संसार सांभाळतेय.

कधी दोघांकडेही सांगण्यासारखं काही नसे. मग मी त्यांना भाव सांगायचे. आजचा भाव सांगून झाला की कालचा, मग गेल्या वर्षीचा. मला छंदच लागला. संकेतस्थळांवरचे आलेख थोड्याच वर्षांचे असतात, पण तेवढेही मी तास तास बघत बसायचे. सेशेल्सने एका वर्षी आपला रुपया मोकळा सोडला, तो धाडकन कोसळला, ते दिसतं. कोरोनात विमानं बंद झाली, पर्यटक आटले, तेव्हा रेघ पुन्हा खाली गेली. मग किनाऱ्यावर माणसं परतली आणि रेघ झपाट्याने वर चढली. लोक विमानात बसायला घाबरले, हॉटेलातल्या चादरी घडी घातलेल्याच राहिल्या, कुणाची नोकरी गेली, कुणाची परत आली, हे सगळं त्या एका बारीक रेघेत होतं. टेबलावर असताना मला रेघ म्हणजे रेघ होती. आता त्या हॉटेलांपैकी एकात माझी लेक चादरींचा हिशेब लिहीत होती.

मग मी मागे मागे जायला लागले. जुने भाव एका ठिकाणी मिळत नाहीत. मॉरिशसचा पौंडातला भाव इथून, सेशेल्सचा तिथून, असं गोळा करायचं आणि भागाकार करायचा. एका सकाळी भागाकाराचं उत्तर आलं एक. मला वाटलं, मी तोच आकडा दोनदा टाकला. परत केलं. एक. त्याच्या मागच्या वर्षी एक. त्याच्याही मागे एक. मागे जावं तितकं एकच.

दोन्ही रुपये वीस शिलिंगांच्या पौंडाला सारखेच बांधलेले होते, दीड शिलिंगाला एक. त्याच्याही आधी सेशेल्सचा कारभार मॉरिशसहून चालायचा आणि त्या बेटांवर मॉरिशसचाच रुपया होता. आणि दीड शिलिंग म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलेच, कारण आपला रुपयाही कितीतरी वर्षं पौंडाला तसाच बांधलेला होता. म्हणजे जावयाच्या पूर्वजाच्या कनवटीचा रुपया, बेटावरच्या वाण्याच्या गल्ल्यातला रुपया आणि आपल्याकडच्या बाजारातला रुपया, तिघांचं वजन एक. तीन किनाऱ्यांवर एकाच नावाची, एकाच भावाची वस्तू हातातून हातात फिरत होती, मध्ये एवढा काळा समुद्र असताना. हे बँकेत मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी अंगणात जाऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अच्छा?" आणि पाईप दुसऱ्या कुंडीकडे वळवला. फौजी माणूस, त्याच्याकडून ह्याहून जास्त आश्चर्याची अपेक्षा करू नये.

मी दोघांनाही सांगितलं, अर्थात वेगवेगळं. त्याने मला तो भागाकार पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, "म्हणजे, आई, पूर्वी बरोबरी होती." ती म्हणाली, "आई, तू रिटायर होऊन वेडी झालीयस," आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "एकास एक? खरंच?"

तिचा करार संपत आला. हॉटेलला ती हवी होती. पुन्हा सही केली की आणखी दोन वर्षं. त्या दोघांपैकी कुणीही तसं तोंडाने म्हटलं नव्हतं, पण सही झाली की लग्न संपलं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मी जास्तच जोराने साखर पेरायला लागले. तिला म्हटलं, तो फार शांत झालाय आता. त्याला म्हटलं, तिचा राग कधीच गेला. काही उपयोग होत नव्हता. जितकं गोड बोलावं तितकी दोघं आपापल्या जागी घट्ट बसत होती, आणि मला त्याचं कारणच कळत नव्हतं.

सहीच्या आधीच्या शुक्रवारी मी आलमबागेला दातांच्या डॉक्टरकडे गेले. फोन घरीच चार्जिंगला राहिला. परत येताना मेट्रोचं स्टेशन चढता उतरता माझी दाढ ठणकत होती, डोकं त्याहून ठणकत होतं. घरी आले तर हे व्हरांड्यात ताठ बसलेले. ह्यांची नोकरी फौजेच्या सिग्नलमध्ये, संदेशवहनात गेली. आयुष्यभर एका ठाण्याचा संदेश ऐकायचा आणि पुढच्या ठाण्याला सांगायचा, हे ह्यांचं काम. बसण्याच्या पद्धतीवरूनच मला कळलं की आता अहवाल येणार.

"पोरीचा फोन आला होता. त्याला निरोप होता. मी दिला. त्याचा निरोप आला. तिला दिला."

"काय दिलात?"

"जसाच्या तसा."

मी तिथेच पायरीवर बसले. ह्यांनी मला दोन्ही निरोप ऐकवले, शब्दालाही धक्का न लावता, तिच्या आवाजातल्या थांब्यांसकट.

तिने सांगितलं होतं, "पापा, त्याला सांगा, सोमवारी मी सही करतेय. त्याच्या घरचे माझ्याशी चांगले वागले. पण जेवताना सगळं क्रिओलमध्ये, माझ्यासाठी एकाने एकदाही भाषा बदलली नाही. त्यानेही नाही. मी रोज ताटाकडे बघत जेवले. मला पाहुणी म्हणून राहायचं नाहीये."

आणि त्याने सांगितलं होतं, "पापा, उनसे कहिए कि मुझे पता था. मला दिसत होतं. पण मी मराठी बोलायला लागलो की ती हसते. लखनौत हसली ते ठीक. माझ्या आईबाबांसमोर हसली असती तर? आमच्या घरात मराठी म्हणजे देवाची भाषा आहे. मला लाज वाटली, म्हणून मी गप्प बसलो. ही माझी चूक आहे."

त्यावर तिने फोन ठेवला होता.

माझा पारा चढला. दाढ विसरले, सगळं विसरले. "तुमच्या जिभेला काही हाड आहे का? एवढे दिवस मी जपून जपून आणलेलं, तुम्ही एका दुपारीत वाट लावलीत! सोमवारी सही आहे तिची!"

हे शांतपणे म्हणाले, "अगं, मधल्या ठाण्याने मजकूर बदलायचा नसतो. बदलला तर दोन्हीकडची माणसं मरतात. तू तिला सांगतेस तो शांत आहे. त्याला सांगतेस ती रागावलेली नाही. मग दोघांपैकी उठून कोण कशाला येईल?"

मी आत जाऊन भांडी आपटली. त्या दिवसापासून आमच्या दोघांतही अबोला. संध्याकाळी भाजीवाला आला तर मी त्याला म्हटलं, "भैया, साहब से पूछिए, भिंडी लें या लौकी." हे माझ्या शेजारीच उभे होते. हे म्हणाले, "भैया, मॅडम से कहिए, जो मन हो." भाजीवाला बिचारा मान इकडून तिकडे फिरवत राहिला. शेवटी त्याने दोन्ही तोलून दिल्या.

पण आत कुठेतरी मी ह्यांच्यापुढे वाकलेही होते. मला सारखं वाटत होतं, कसं जमलं असेल ह्यांना? आपल्या पोरीचं दुखणं कानाने ऐकायचं आणि त्यातलं काडीइतकंही कमी न करता जावयाच्या कानात घालायचं. त्याने आपल्या पोरीवर ठेवलेला बोल तिलाच नेऊन द्यायचा. मला नसतं जमलं, आणि मी स्वतःला खंबीर समजत आले होते. चाळीसेक वर्षं एका घरात राहून मला ह्या माणसाचं काम काय होतं हे तेव्हा समजलं.

शनिवारी फोन नाही. रविवारी नाही. मी दर थोड्या वेळाने फोन उचलायचे आणि हे नुसते माझ्याकडे बघायचे. शेवटी अबोला मोडून म्हणाले, "लाइन मोकळी ठेव." सोमवार उजाडला. मी सकाळी भाव बघितला, एवढंसं काहीतरी हललं होतं, कुणाच्याही लक्षात येणार नाही इतकं. सोमवार गेला. मी देवापुढे बसले, मागायचं काय ते सुचेना. सही होऊ नये असं मागावं तर पोर पुन्हा ताटाकडे बघत जेवणार. व्हावी असं तरी कसं मागू? मी नुसते हात जोडून बसले.

त्या रिकाम्या दिवसांत मी तो लांबलचक आलेख पुन्हा काढला. माझे गोळा केलेले आकडे आणि संकेतस्थळाचे, सगळे एका रेघेत लावले. डावीकडे कितीतरी लांब ती सपाट रेघ, एकास एक. मग दोघं सुटतात. वर, खाली, पुन्हा वर. आधी मला वाटायचं ही बिघडत गेल्याची गोष्ट आहे. त्या दिवशी बघताना वाटलं, ती सपाट रेघ कुठे त्यांची होती? दोघांना पौंडाला बांधून ठेवलं होतं म्हणून ते सारखे होते. कुणी विचारलं होतं त्यांना? मला त्या उजवीकडच्या वेड्यावाकड्या रेघेबद्दल एकदम आदर वाटला. प्रत्येक दिवशी त्या दोन कणभर बेटांवरची माणसं उठून कामाला जातात, आणि त्यांच्या जगण्याने ती जागची हलते. पण तरीही, खोटं कशाला बोलू, नजर परत परत डावीकडेच जात होती.

गुरुवारी सकाळी आधण उकळत होतं आणि व्हिडिओचा फोन आला. लेकीचा. मी पदराला हात पुसत उचलला. पडद्यावर खिडकी होती, खिडकीत झगझगीत समुद्र होता आणि खिडकीपुढे दोघं होती.

मला आधी वाटलं, ही मॉरिशसला गेली. मग तो म्हणाला, अगदी हळू, एकेक शब्द जागेवर ठेवत, "आई, मी इथे आलो आहे. काल आलो."

"सही?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"नाही केली," लेक म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "वेळ मागून घेतलाय. शुक्रवारी रात्री त्याने फोन केला. स्वतः. म्हणाला, मी येईपर्यंत करू नकोस."

"मग आता? कुठे राहणार? काय ठरलं?"

"काही नाही ठरलं. भांडतोय अजून."

"मराठीत," तो म्हणाला.

"आणि मी हसत नाहीये," ती म्हणाली, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. त्याने ते तळहाताने पुसलं, आमच्या समोर. मी बघतच राहिले. त्याने तिच्याशी बोललेलं एकही वाक्य माझ्या हातून गेलेलं नव्हतं, आणि ती दोघं समोर बसलेली होती.

मग तो म्हणाला, "आई, आम्ही एक व्यवहार केला," आणि त्याने एक नोट पडद्यापुढे धरली. सेशेल्सची होती, पंचवीस रुपयांची. तिने तिच्या हातातली वर केली. तीही पंचवीसची. तिच्यावरची देवनागरी मला चष्म्याशिवाय ओळखू आली.

"मी तिला माझी दिली," तो म्हणाला. "तिने मला तिची दिली. पंचवीसला पंचवीस."

आता सवय मेली जात नाही. माझ्या डोक्यात भागाकार होऊनही गेला होता. "अगं, मॉरिशसच्या पन्नासाच्या वर रुपयांनी बुडालीस की! हिशेबनीस ना तू? आजचा भाव ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे आई," लेक म्हणाली. "आम्ही जुना लावला."

मागून चपलांचा आवाज आला. हे पाण्याचा पाईप तसाच सोडून आत आले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काय म्हणतोय बाजार?"

मी फोन त्यांच्या हातात दिला.